कार्बनच्या हँडलची आवळणी

“पर वस्ताद, कार्बन मोडतोय का न्हाई, तेवढंच सांगा की.”

भूपाल चौगुलेनं पुन्हा तेच विचारलं.

दस्तगीर वस्ताद दर्ग्याच्या पायरीवर बसून दिव्याची वात वळत होते. त्यांनी वात पुरी वळली, तेलात बुडवली आणि बोटं पायजम्याला पुसली.

“लोखंड मोडत न्हाई व्हय?”

“लोखंड आदी वाकतंय, वस्ताद. सांगून मोडतंय. ह्यो कार्बन वरनं चकाचक. आतनं कधी जाईल पत्त्या न्हाई.”

“मंग तुला ठावं हाय की. मला कशाला इचारतूस?”

भूपाल उठला नाही. दिवस मावळला होता, बाकीची पोरं घरी गेली होती, आणि हा मात्र पायरीखाली उकिडवा बसून जमिनीवर काडीनं रेघोट्या मारत होता.

खिंडीखालच्या ह्या दर्ग्याच्या ओवरीत सायकलची तालीम भरते. कुस्तीची असते तशीच, फक्त लाल मातीच्या जागी घाट. दर्ग्याची मुजावरकी सांभाळता सांभाळता दस्तगीर वस्तादांनी इथं पोरं घडवली. आठवडाभर पोरं घाट चढतात आणि रविवारी वस्तादांच्या मागोमाग उतरतात. उतारावर पहिली सायकल वस्तादांची. वळणावर खडी सांडलीय का, म्हैस बसलीय का, ते आधी त्यांनी बघायचं आणि मग पोरांनी यायचं.

तालमीची एक रीत आहे. बाहेरच्याला ती खुळेपणाची वाटते. इथं कुणी आपल्या सायकलचे बोल्ट आपण आवळत नाही. शनिवारी संध्याकाळी आवळणी होते. माझी सायकल तू आवळायची, तुझी मी. आवळून झाली की ओवरीत भिंतीला लावायची. त्यानंतर रविवारची उतरण होईपर्यंत मालकानं पान्याला हात लावायचा नाही. तपासूनसुद्धा बघायचं नाही. असं का, म्हणून कुणी विचारलं तर वस्ताद म्हणायचे, रीत हाय. त्यापुढं चकार शब्द नाही.

भूपाल तालमीतला सगळ्यात जुना. चुलत्याच्या लेथ मशीनवर काम करून मनगटं अशी झालेली की त्यानं आवळलेला बोल्ट सोडवताना दुसऱ्याला घाम फुटावा. ह्याचा त्याला गर्व होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नव्हती. कारण वस्तादांची सायकल भूपालच आवळायचा. घाटात पहिला उतरणारा माणूस ह्याच्या हातावर भरवसा ठेवून उतरत होता. तालमीत ह्याहून मोठा मान नव्हता.

मग गेल्या पाडव्यानंतरच्या एका शनिवारी वस्तादांनी पाना उचलला आणि इंद्रजित सुताराच्या हातात दिला. कारण सांगितलं नाही. भूपालनं विचारलंही नाही. तो त्या दिवशी घरी जाऊन जेवला नाही, एवढंच घरच्यांना कळलं.

इंद्रजित, म्हणजे इंद्या, मागाहून आलेलं पोर. अंगानं काडी, बोलायला कमी. भूपालला दादा म्हणायचा आणि ते मनापासून म्हणायचा, हीच तर पंचाईत होती. एखादा माणूस वाईट असला की त्याच्यावर जळणं सोपं जातं. चांगल्या माणसावर जळायचं तर सगळी मेहनत आपल्यालाच करावी लागते.

त्यात इंद्याची राज्याच्या शर्यतीला निवड झाली, आणि त्याला कार्बनची सायकल मिळाली. काळीभोर, उचलली तर हातात काही आहे की नाही असा संशय यावा इतकी हलकी.

भूपालचं पोट दुखायला लागलं ते तेव्हापासून. ह्या पोटदुखीला ओवा चालत नाही. तो गावभर कार्बनची चौकशी करत हिंडू लागला. रात्री मोबाईलवर मोडलेल्या कार्बनच्या सायकलींचे व्हिडिओ बघितले की त्याला जेवण गोड लागायचं. तालमीत सगळ्यांसमोर म्हणायचा, “इंद्या, जपून रं बाबा. पोरीच्या बांगडीसारखं हाय ते.” इंद्या मान हलवायचा आणि खरोखरच जपायचा. भूपालला त्याचाही राग यायचा.

आणि आज आवळणी झाली.

रीतीप्रमाणं इंद्याची सायकल भूपालकडं होती. सायकलबरोबर एक छोटा पाना आला होता. बोल्ट पुरेसा आवळला की तो ‘कट्’ असा आवाज करून सैल पडायचा. इंद्यानं तो दोन्ही हातांनी पुढं केला.

“दादा, कार्बनच्या हँडलला ह्यो लागतोय. ह्यो बास म्हणला की थांबायचं.”

झालं. लेथवर हाडं झिजवलेल्या माणसाला हे पोर आता आवळायला शिकवणार. आणि पाना सांगणार, बास.

भूपालनं तो पाना कट्ट्यावर ठेवला आणि तालमीचा लांब दांड्याचा पाना घेतला. इंद्याची पाठ होती. तो समोर वाकून भूपालचीच सायकल आवळत होता. भूपालनं लोखंडाला द्यावा तसा जोर दिला. बोल्ट कुरकुरला. लोखंडी हँडल असतं तर तिथंच भागलं असतं. भूपालनं आणखी थोडा पीळ दिला. तो शेवटचा पीळ मनगटानं दिला की पोटदुखीनं, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं.

आतून बारीक आवाज आला. वाळकी काडी मोडावी तसा.

कुणी वळून बघितलं नाही. भूपालनं हँडल फडक्यानं पुसलं. वर ओरखडा नाही, काही नाही, आरशासारखं काळं. त्यानं सायकल नेऊन भिंतीला लावली आणि म्हणाला, “झाली बघ इंद्या.” इंद्या हसला आणि सायकलीकडं न बघता घरी गेला. रीतच तशी होती.

म्हणून भूपाल आता पायरीखाली बसला होता. त्याला वस्तादांच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, की कार्बन हा मालच कच्चा. कार्बन वाईट ठरला की भूपाल सुटला. उद्या काही झालं तर ते कार्बननं केलं. चोराच्या मनात चांदणं असतं. ह्याच्या मनात तर पुनव उगवली होती.

“न्हाई, पर तुमाला काय वाटतंय?” तो म्हणाला. “मानसाचा जीव टाकावा अशा वस्तूवर?”

वस्तादांनी दिवा पेटवला. ज्योत स्थिर होईपर्यंत तळहाताचा आडोसा धरला.

“इमानाच्या पंखात घालत्यात त्यो,” ते म्हणाले. “कच्चा असता तर घातला असता? ओढ सोसतोय. दणका सोसतोय. चिमटा तेवढा सोसत न्हाई.”

“म्हंजे कच्चाच की.”

“तू सोसतूस चिमटा?”

भूपालनं काडी टाकून दिली.

“मला इंद्याची काळजी वाटती, वस्ताद. धाकटा हाय. उद्या घाटात काय झालं तर...”

हे बोलताना त्याचा आवाज इतका मऊ झाला की क्षणभर त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं.

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं.

“मंग असं कर. उद्या त्याची सायकल तू घे. तुजी त्यो घिईल.”

...

ती सायकल आल्यापासून भूपालनं मनातल्या मनात मांडे खाल्ले होते. त्या काळ्या सायकलवर बसून घाट उतरायचा, वळणावर अंग टाकायचं, खाली बसथांब्यावरच्या लोकांनी विचारायचं की कुणाची रं ही, आणि आपण नुसतं हसायचं. आता ताट समोर आलं होतं आणि घास उचलवत नव्हता.

“बैठक जमायची न्हाई,” तो म्हणाला.

“एकाच उंचीचे हाईसा.”

“इंद्याला वाईट वाटंल. नवी हाय.”

“त्योच सांगून गेलाय मगाशी. म्हणला, भूपालदादाला एकदा घाटात चालवू द्या. त्याला लई आवडलीय, पर मागणार न्हाई.”

भूपालच्या मनात आधी काय आलं असेल? लाज? छे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्याच्या मनात आलं, बघा, मोठेपणा घ्यायचंही ह्यालाच सुचतं. देऊन टाकायलाही ह्याच्याचकडं आहे. ह्यानं दिलेल्या सायकलवर मी बसू?

आणि मग मागाहून, उतारावरून सुटलेली सायकल यावी तशी भीती आली. घाटातलं ते वळण त्याच्या डोळ्यांपुढं आलं, जिथं दोन्ही ब्रेक दाबावे लागतात आणि अंगाचा सगळा भार हँडलवर येतो. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. त्या वळणावर त्यानं आधी स्वतःला बघितलं. मग त्याला इंद्या दिसला, आणि तो दिसल्यावर डोळे मिटूनही जाईना.

“तुजी सायकल आज कुणी आवळली?” वस्तादांनी विचारलं.

“इंद्यानं.”

“बगितलीस तपासून?”

“न्हाई.”

“का?”

“बगायची रीत न्हाई.”

“रीत म्हणून?”

भूपालला उत्तर माहीत होतं. त्याच्या मनात संशयच आला नव्हता. इंद्यावर इतके दिवस जळत असूनही, इंद्यानं आवळलेल्या सायकलवर तो दर रविवारी डोळे झाकून उतरत होता. हे त्याला ह्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं.

पायरीवर दिवा फडफडला.

“मला नको ती सायकल,” भूपाल म्हणाला.

“का?”

भूपाल उठून उभा राहिला.

“का रं?”

“मी आवळलीय ती.”

एवढं एक वाक्य निघालं आणि त्यामागून बाकीचं आपोआप आलं. कट्ट्यावर ठेवलेला छोटा पाना, लांब दांडा, तो बारीक आवाज, आणि त्यानंतर फडक्यानं पुसलेलं हँडल. सांगताना तो वस्तादांकडं बघत नव्हता.

वस्तादांनी दिवा उचलला आणि ओवरीत भिंतीजवळ नेऊन ठेवला. त्यांनी इंद्याच्या सायकलीकडं बोट केलं. भूपालनं बोल्ट सोडवले. हँडलची पट्टी उलगडली, ब्रेकच्या मुठी उतरवल्या आणि हँडल मोकळं केलं. जिथं ते पकडीत होतं तिथं केसाएवढी एक पांढरट रेघ होती. दिवा तिरपा धरला तेव्हा कुठं ती दिसली.

वस्तादांनी हँडल ओट्याच्या कडेवर टेकवलं आणि तळव्यानं रेटलं. म्हाताऱ्या माणसाचा जोर तो केवढा. हँडल मोडलं. आवाज संध्याकाळचाच होता, फक्त मोठा.

“मोडला का कार्बन?”

“मोडला.”

“इचारत हुतास न्हवं.”

भूपालच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, मला तालमीतून काढा. वस्तादांनी त्यावर होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. भिंतीवर तालमीचं जुनं अॅल्युमिनियमचं हँडल टांगलेलं होतं, तेवढं काढून त्याच्यापुढं ठेवलं. ह्याच्यावर मुठी चढव आणि बोल्ट सैल ठेव, म्हणाले. इंद्याला सकाळी तुझ्या तोंडानं सांग, असंही म्हणाले. मग ते दिवा घेऊन आत गेले.

सकाळी पोरं जमली. धुकं खिंडीतून अजून वर सरकायचं होतं. इंद्या आला तो हसतच आला, कारण आज भूपालदादा आपली सायकल चालवणार असं तो धरून चालला होता. ओवरीत त्याला भलतंच हँडल दिसलं. शेजारी कट्ट्यावर त्याच्या हँडलचे दोन तुकडे होते.

भूपाल पुढं झाला. रात्रभर त्यानं बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाला आलं नाही.

“काल मी मोडलं. तुजा पाना घेतला न्हाई. आवाज आला तरी सांगितलं न्हाई.”

पोरं एकमेकांकडं बघू लागली. इंद्यानं तुकडा उचलला. मोडल्या जागी काळे तंतू पिंजलेल्या सुतासारखे बाहेर आले होते. त्यावर त्यानं अंगठा फिरवला. मग मान वर केली आणि अगदी हळू विचारलं, “चुकून झालं न्हवं, दादा?”

दार उघडं होतं. नुसतं व्हय म्हणायचं होतं. इंद्यानं स्वतःच ते उघडून धरलं होतं, आणि सगळ्या तालमीनं ते मान्य केलं असतं.

भूपालनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद आपल्या सायकलची साखळी पुसत होते.

“न्हाई,” भूपाल म्हणाला. “चुकून न्हाई. तुज्यावर जळत हुतो.”

...

इंद्यानं शिवी दिली असती, एक ठेवून दिली असती, तर भूपालला बरं वाटलं असतं. त्यानं तुकडा होता तिथं परत ठेवला आणि आपल्या सायकलीजवळ गेला. रीतीप्रमाणं आवळायचं काम भूपालचं. भूपालनं छोट्या पान्यासाठी हात पुढं केला.

इंद्यानं पाना दिला नाही.

तो स्वतः वाकला. स्वतःच्या सायकलचे बोल्ट त्यानं स्वतः आवळले, सगळ्यांच्या देखत. पाना ‘कट्’ म्हणाला. तो थांबला. दुसरा बोल्ट. ‘कट्’. तालीम सुरू झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. आवळून झाल्यावर इंद्यानं हँडल दोन्ही हातांनी हलवून तपासलंही. मग त्यानं वस्तादांकडं बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते.

वस्तादांनी साखळी पुसायचं फडकं खाली ठेवलं.

भूपालचा पुढं केलेला हात तसाच राहिला होता. तो त्यानं हळूहळू खाली घेतला. आता त्या काळ्या सायकलचा त्याला हेवा वाटेना. कालपर्यंत ह्या पोराची पाठ आपल्याकडं होती आणि ते वळून बघत नव्हतं, त्या भरवशाचा हेवा वाटला. त्याची स्वतःची सायकल भिंतीला होती, इंद्यानं आवळलेली. त्यानं ती न तपासता बाजूला घेतली आणि तालमीच्या फाटकाकडं वळवली. घाटाकडं नाही, घराकडं.

“भूपाल.”

वस्तादांनी हाक मारली होती. ते आपली जुनी सायकल हातात धरून ओवरीखाली उभे होते. ती काल इंद्यानं आवळली होती. भूपाल वळून उभा राहिला. पोरंही वळली, इंद्यासुद्धा.

वस्तादांनी लांब दांड्याचा पाना आपल्या हँडलच्या बोल्टला लावला आणि फिरवला. बोल्ट सैल झाला. त्यांनी हँडल डावीकडं ढकललं, चाक सरळच राहिलं. उजवीकडं ढकललं, तरी चाक सरळच. सगळ्यांना दिसेल असं त्यांनी ते केलं.

मग पाना उलटा धरून त्याची मूठ त्यांनी भूपालपुढं केली.

भूपाल पुढं येईना.

“वस्ताद... माज्या हातानं नको.”

वस्तादांनी खिंडीकडं बघितलं. धुकं वर गेलं होतं. पहिलं वळण मोकळं दिसत होतं.

“घे,” ते म्हणाले. “पयला मी उतरनार हाय.”